कुत्र्यांचा लिम्फोमा : नव्या औषधाआधी सुईची तपासणी

कुत्र्यांना होणाऱ्या कर्करोगांपैकी लिम्फोमा हा नेहमी आढळणारा प्रकार. तरीही त्यावरील औषधाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची पहिली पूर्ण मान्यता मिळायला २०२१ साल उजाडले. 'टॅनोव्हिया' हे ते औषध. तीन आठवड्यांच्या अंतराने, जास्तीत जास्त पाच वेळा ते शिरेतून देतात. त्याच वर्षी 'लव्हर्डिया' या गोळ्यांना सशर्त मान्यता मिळाली. सशर्त म्हणजे औषध सुरक्षित असल्याचे दाखवले गेले आहे, गुणाचा पूर्ण पुरावा मात्र अजून द्यायचा आहे.

तरीही उपचारांचा मुख्य आधार जुनाच आहे. माणसांच्या लिम्फोमात वापरली जाणारी व्हिनक्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेडनिसोलोन ही औषधे कुत्र्यांना काही महिने आलटूनपालटून देतात. त्याने दहापैकी आठ-नऊ कुत्र्यांच्या गाठी विरतात. पण हे बरे होणे नव्हे. बहुतेकांत आजार उलटतो. 'बी' पेशींच्या प्रकारात सरासरी वर्षभराचे आयुष्य मिळते, 'टी' पेशींच्या प्रकारात त्याहून कमी. उपचार न केल्यास एक-दोन महिनेच हाती असतात. कुत्र्याचे उरलेले दिवस सुखाचे जावेत हा हेतू असल्याने मात्रा माणसांपेक्षा सौम्य ठेवतात. त्यामुळे उलट्या, जुलाब झाले तरी बहुधा आटोक्यात राहतात आणि केसही फारसे गळत नाहीत.

खरी गफलत होते ती निदानाआधी. जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा मागच्या गुडघ्यामागे न दुखणाऱ्या गाठी येतात. कुत्रा मात्र खात-खेळत असतो. आपल्याकडे गोचीड तापातही गाठी सुजतात, त्यामुळे संशय आधी तिकडे जातो. अशा वेळी 'सूज उतरू दे' म्हणून स्टेरॉइड दिले, तर गाठी लहान होतात आणि निदान अवघड बनते. शिवाय कर्करोगाच्या पेशी औषधांना दाद देईनाशा होऊ शकतात आणि पुढची केमोथेरपी कमी गुण देते.

म्हणून गाठ दिसताच पशुवैद्यकाकडे सुईने नमुना घेऊन तपासण्याचा आग्रह धरावा. केमोथेरपी परवडणार नसेल, तर केवळ स्टेरॉइडवर काही आठवडे आराम देणे हाही रास्त मार्ग आहे. मात्र तो निदानानंतर, समजून-उमजून निवडलेला असावा.