नाकाची साक्ष पुरेशी नाही

केरळातील कासरगोड जिल्ह्यात, चेरुवत्तूर येथे मे २०२२ मध्ये शोरमा खाल्ल्यानंतर एका सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीचा मृत्यू झाला आणि अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्दच्या परिसरात तोच पदार्थ गाडीवर खाल्लेला एकोणीस वर्षांचा तरुण दगावला आणि विक्रेत्यांना अटक झाली. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर धाडी पडतात, नमुने गोळा होतात, आणि चार दिवसांनी सारे पूर्ववत होते. एखाद्या विक्रेत्याच्या लोभावर ठपका ठेवून समाधान मानावे, इतका हा प्रश्न सोपा आहे काय?

शिजवलेले चिकन ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले की जंतूंची वाढ झपाट्याने होते. म्हणूनच ते दोन तासांच्या आत, आणि हवा ३२ अंशांहून अधिक तापलेली असेल तर तासाभरातच, शीतकपाटात जावे असा दंडक आहे. 'एकदा शिजले की भय संपले' ही समजूत भ्रामक होय. काही जंतूंची बीजे उकळीतूनही तगून राहतात, तर काही जंतू शिजवल्यानंतर हात, सुरी वा फळी यांच्यावाटे नव्याने शिरतात. त्यांतील काहींनी सोडलेले विष तर पुन्हा तापवूनही नाहीसे होत नाही.

आंबूस वास, बुळबुळीत स्पर्श, हिरवट छटा ही नासल्याची चिन्हे दिसताच अन्न टाकून द्यावे, हे उघडच आहे. परंतु याचा व्यत्यास खरा नाही. अन्न नासवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेलासारखा जंतू वास, रंग वा चव यांत कोणतीही खूण न ठेवता वाढू शकतो. नाकाने दिलेली ग्वाही त्यामुळे अपुरी ठरते.

अर्थशास्त्राचा संबंध येतो तो नेमका येथे. विक्रेत्याला मालाची जी माहिती असते ती गिऱ्हाइकाला नसेल तर बाजार कसा बिघडतो, याचे विवेचन जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये केले आणि २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला. येथे तर खाल्ल्यानंतरही उलगडा होत नाही. लक्षणे कधी काही तासांनी, तर कधी दिवसांनी दिसतात. दोष नेमका कोणत्या घासाचा, हे कोण सांगणार? परिणामी, बर्फावर खर्च करणाऱ्या आणि उरलेले मांस टाकून देणाऱ्या प्रामाणिक विक्रेत्याला बाजार अधिक भाव देत नाही; उलट तोच स्पर्धेत मागे पडतो.

अन्नसुरक्षा कायदा २००६ सालचा आहे. तथापि, गल्लोगल्लीच्या प्रत्येक गाडीवर निरीक्षक उभा करणे कोणत्याही शासनाला अशक्य आहे. केरळ शासनाने २०२२ मध्ये शोरम्याच्या पुडक्यावर तयार केल्याची तारीख व वेळ आणि तासाभरात खाण्याची सूचना छापणे बंधनकारक केले. वरवर किरकोळ वाटणारा हा उपाय मुळावर घाव घालतो, कारण जी माहिती केवळ विक्रेत्याकडे होती ती तो गिऱ्हाइकाच्या हाती देतो. महाराष्ट्रानेही हा मार्ग स्वीकारावा. मात्र फेरीवाल्याला वीज, स्वच्छ पाणी व शीतपेटी परवडेल अशी सोय नगरपालिकांनी केली नाही, तर नियम कागदावरच राहील आणि दंडाची पावती तेवढी गरिबाच्या हाती पडेल.

घरातही हाच न्याय लागू पडतो. दुसऱ्या दिवशी मुरलेला रस्सा अधिक रुचकर लागतो, हे खरे. परंतु रात्रभर ओट्यावर राहिलेला नव्हे. मोठे पातेले तसेच न ठेवता रस्सा उथळ भांड्यांत काढावा, ४ अंशांच्या आसपास झाकून ठेवावा, तीन-चार दिवसांत संपवावा, आणि लागेल तेवढाच काढून वाफाळेपर्यंत, म्हणजे ७४ अंशांपर्यंत, तापवावा. वीज दीर्घकाळ गेली असेल तर शीतकपाट हे केवळ कपाट उरते, याचाही विसर पडू नये.

दूषित अन्नाने जगात दरवर्षी सुमारे ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१५ चा अंदाज आहे. महागाईच्या दिवसांत अन्न टाकणे जिवावर येते, यात नवल नाही. पण आजारपणात बुडणारी मजुरी आणि दवाखान्याचा खर्च यांचा हिशेब मांडला, तर वाचवलेली वाटीभर भाजीच सर्वांत महाग ठरते. बाजारात असो वा घरात, अन्न किती वाजता शिजले हे खाणाऱ्याला ठाऊक असणे, ही सुरक्षिततेची पहिली अट आहे.