गळतंय म्हणून पाणी तोडा!

भटक्या कुत्र्यांवर लिहिलं की 'आधी माणसांचं बघा' अशी पत्रं ठरलेली. या आठवड्यात दोघांचंही एकाच लेखात भागतंय.

डोंबिवली पूर्वेची एक सोसायटी. रिक्षाच्या धडकेत कणा दुखावलेली कुत्री मागचे पाय फरफटत पार्किंगमध्ये पडून असते, अंगाखाली सतत ओल. सोसायटीच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला ठराव पास: तिची पाण्याची वाटी उचला. पाणी बंद, घाण बंद. खाली अंगठ्यांची रांग.

अहो, ती गळतेय कारण तिचं मूत्राशय गच्च भरलंय! गच्चीवरची टाकी भरून वाहायला लागली तर टाकी रिकामी झाली असं कोणी म्हणतं का?

मूत्राशयाचा कारभार तीन नसांकडे असतो. कमरेकडून येणारी हायपोगॅस्ट्रिक नस साठवणुकीची. ती पिशवीचा स्नायू सैल ठेवते आणि मूत्रमार्गाचं तोंड आवळते. त्याखालून, शेपटीच्या वरच्या बाजूने निघणारी पेल्विक नस पिशवी आकुंचित करते. तिसरी प्युडेंडल. बाहेरचा स्नायू आवळून धरणं तिच्याकडे, म्हणजे 'थांब जरा' म्हणायची सोय. पिशवी दाबायची आणि त्याच क्षणी तोंड सैल सोडायचं, हा मेळ मेंदूच्या बुडाशी जमतो. बॅरिंग्टन या इंग्रज संशोधकाने 1925 साली मांजरांवरच्या प्रयोगांतून ती जागा दाखवली. पाठीत मज्जारज्जू तुटला की वरचा निरोप खाली पोचत नाही. पिशवी फुगते, तोंड आवळलेलंच राहतं, आणि दाब अगदीच वाढला की थेंब सुटतात. शेपूट चाकाखाली आलेल्या मांजराचं उलटं: तिथल्या नसाच तुटतात, पिशवी लुळी पडते आणि जरा दाबलं तरी लघवी येते.

अशा कुत्रीचं मूत्राशय दिवसातून दोन-तीनदा हाताने दाबून रिकामं करावं लागतं, तेही पशुवैद्याकडून शिकून. आडदांडपणे दाबलं तर फुटू शकतं. तुंबून राहिलं तर जंतुसंसर्ग होतो, ताणलेला स्नायू कायमचा ढिला पडतो. त्यात पाणी तोडलं तर बघायलाच नको.

पण हा उपाय मला फार ओळखीचा वाटला. कल्याण-डोंबिवलीच्या बायका तो वर्षानुवर्षं स्वतःवर करत आल्यात. सकाळच्या लोकलला चढायचं म्हणून चहा अर्धा कप, पाण्याची बाटली पर्समध्ये आणि तिचं झाकण ऑफिसात पोचेपर्यंत बंद. तिन्ही नसा ठणठणीत, मेंदूचा निरोपही वेळेवर. लोकलला शौचालय नाही, एवढंच. कुत्रीला सोडता येत नाही, हिला सोडायला जागा नाही. इलाज मात्र दोघींना एकच, आणि संसर्गही दोघींच्या नशिबी.

1853 साली पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. त्यानंतर सरकते जिने आले, गारेगार लोकल आल्या. स्वच्छतागृह अजून फलाटाच्या त्या टोकाला, तेही उघडं असलं तर. पंधरा डब्यांसाठी फलाट लांबवतात ते हे टोक आणखी दूर जावं म्हणूनच, अशी माझी जुनी शंका आहे. पुरावा नाही, पण त्या टोकापर्यंत चालून बघा.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 2014 साली मोजून सांगितलं, की तीन किलोंपेक्षा जड सस्तन प्राण्याला, मग शेळी असो की हत्ती, मूत्राशय रिकामं करायला सरासरी 21 सेकंद लागतात. मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात तेवढे बसवायला कुठली समिती नेमायची, ते रेल्वेनेच सांगावं.

— फलाटकर