पेट्रोल पंपाचे कर्ज आणि जमिनीखालचे तारण

महाराष्ट्र मंडळामुळे रायपूरची चौबे कॉलनी तेथील मराठी कुटुंबांच्या चांगल्या परिचयाची आहे. अशा भरवस्तीत पेट्रोल पंपासाठी कर्जाचा प्रस्ताव आल्यास शाखेत खरेदीखत, खसरा आणि तेल कंपनीचे आशयपत्र बारकाईने तपासले जाते. पर्यावरणविषयक कागद मात्र यादीच्या तळाशी राहतात. आमच्या मते ते सर्वांत वर हवेत.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून 50 मीटर दूर असावा. अडचण असल्यास जादा सुरक्षा उपाय योजून हे अंतर कमी करता येते. परंतु 30 मीटरांच्या आत कदापि नाही. मोजणी फाटकापासून नव्हे, तर टाकी भरण्याचे तोंड, इंधन देणारे यंत्र किंवा वाफेची नळी यांपैकी जे जवळ असेल तेथून करायची. यात एक मेख आहे. निवासी क्षेत्र कोणते, हे स्थानिक कायद्यानुसार ठरते. नकाशावर व्यापारी दाखवलेल्या पट्ट्यातही बिऱ्हाडे असतात. म्हणून कर्ज अधिकाऱ्याने स्वतः फीत घेऊन जागेवर जावे.

पेट्रोलियम नियम, 2002 अन्वये जिल्हा प्रशासनाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. परवान्याचे काम पाहणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. तरीही हे कागद म्हणजे सरकारी सोपस्कार, असे अनेक अर्जदार मानतात.

वस्तुतः प्रश्न तारणाचा आहे. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात. गंजलेल्या टाकीतून वा सैल जोडातून झिरपलेले पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगत पसरते. त्यातील बेंझिन कर्करोगकारक आहे. शेजाऱ्याची कूपनलिका बिघडते आणि आपल्याकडे गहाण असलेली जमीनही. अशी जमीन लिलावात कोण घेणार? शिवाय माती उपसून शुद्ध करण्याचा खर्च कर्जदाराच्या हप्त्याआधी उभा राहील, तो निराळाच.

दुहेरी भिंतीची टाकी आणि गळतीसूचक यंत्रणा यांचा खर्च वाचवू पाहणाऱ्या ग्राहकाला बँकेने तो खर्च प्रकल्प अहवालात धरायला सांगावे, आणि त्यासाठी कर्जही द्यावे. कर्ज दिल्यानंतरच्या वार्षिक पाहणीत साठा नोंदवही मागावी. दररोज टाकीत दांडी बुडवून मोजलेला साठा आणि विक्री यांचा मेळ बसेना, की गळतीची शंका प्रथम तेथेच येते.