मर्जीचा मॅजिस्ट्रेट नको

ग्रामन्यायालयांचा विषय अधूनमधून वर्तमानपत्रांत डोके वर काढतो आणि पुन्हा बुडून जातो. संसदेने हा कायदा २००८ साली केला व २ ऑक्टोबर २००९ पासून तो अमलात आला. तालुका पंचायतीगणिक एक न्यायालय, त्यावर शासनाने नेमलेला न्यायाधिकारी, त्याची पात्रता व पगार प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा, आणि त्याने मुख्य ठिकाणी बसून न राहता वेळोवेळी गावोगाव फिरून खटले चालवावेत, अशी ती योजना. पण न्यायालय स्थापणे कायद्याने राज्यांच्या इच्छेवर सोडले आणि पुष्कळ राज्ये स्वस्थ बसली. अखेर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाला त्यांना चार आठवड्यांची मुदत घालून द्यावी लागली.

हा विषय निघाला की आपल्या जुन्या घरांतून एक उद्गार हमखास ऐकू येतो : ‘पूर्वीचेच बरे होते. गावातला प्रतिष्ठित गृहस्थ ऑनररी मॅजिस्ट्रेट असे; दोन शब्दांत निकाल लागे.’ या उद्गारातला जिव्हाळा मला कळतो, पण त्यातला न्याय कळत नाही. १८९८ च्या फौजदारी संहितेप्रमाणे सरकार आपल्या पसंतीच्या गृहस्थाला मॅजिस्ट्रेटचे अधिकार देऊ शके. ही पसंती बहुधा कोणावर पडे? इनामदार, सावकार, देशपांडे यांच्यावर. म्हणजे आपल्याच आजे-पणज्यांवर. त्यांतले पुष्कळ सचोटीचे असतीलही. परंतु ज्या कुळाचे धन्याशी भांडण, त्याने धन्याच्या सोयऱ्यापुढे हात जोडून उभे राहावे, याला न्याय म्हणवत नाही.

संस्थानांत याहून निराळे नव्हते. सवाई गंधर्वांचे कुंदगोळ हुबळीपासून हाकेच्या अंतरावर. पण ते जमखंडी संस्थानात होते. म्हणजे शेजारच्या दोन गावांत दोन अंमल, आणि दोन्हीकडे नेमणूक वरून. माझे वडील अशाच एका छोट्या संस्थानात दरबारी गवई होते. कलावंताला मर्जी सांभाळावी लागते, हे मी घरात ऐकतच वाढलो. राजाला आवडेल तो राग गायला म्हणून कोणाचे नुकसान होत नाही. फार तर बैठक फिकी पडते. न्यायासनावरच्या माणसाने मात्र मर्जी पाहून स्वर लावला, तर कोणाची तरी जमीन जाते.

हे ओळखूनच पुढचे कायदे झाले. धारवाड जिल्हा मुंबई राज्यात असतानाच, १९५१ साली त्या राज्याने न्याय आणि कारभार ही दोन कामे वेगळी करण्याचा कायदा केला. १९७३ च्या संहितेने तेच तत्त्व देशभर नेले. विशेष न्यायदंडाधिकारी नेमण्याचा अधिकार तिने उच्च न्यायालयाकडे दिला. नेमावयाचा माणूस सरकारी सेवेतला किंवा त्या सेवेत राहिलेला असावा, व मुदत एका वेळी वर्षाहून अधिक नसावी, असेही बंधन घातले.

मग आता नेमलेला न्यायाधिकारी नको म्हणावे काय? मुळीच नाही. या न्यायालयापुढे येणारे दावे पाहा : गायरानाचा वापर, पाटाच्या पाण्याची पाळी, विहिरीवरचा हक्क, थकलेली मजुरी. यांसाठी कलघटगीच्या किंवा नवलगुंदच्या माणसाने वर्षानुवर्षे तारखांना खेटे घालावेत काय? अंतराचे दुःख धारवाडकरांनी इतरांस सांगावयास नको. २००८ च्या जुलैत येथे उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू होईपर्यंत आपण चारशेहून अधिक किलोमीटरवरच्या बंगळूरची वाट तुडवीतच होतो. जे आपण आपल्यासाठी मागून घेतले, ते खेड्याला का नको?

नेमणूक वाईट नाही. मर्जी वाईट आहे. ग्रामन्यायालयाच्या कायद्यात राज्य शासनाने उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून नेमणूक करावी, असे आहे. हा विचारविनिमय कागदावरचा शिक्का ठरू नये. न्यायाधिकारी नेहमीच्या परीक्षेतून आलेला असावा, आणि त्याची बदली-बढती स्थानिक पुढाऱ्याच्या शब्दावर हलू नये. कायदा अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांना या पदांवर प्रतिनिधित्व देण्यास सांगतो. तेही मनापासून पाळावे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ओसरीखाली उभे केले, त्यांच्यातला कोणी न्यायासनावर बसला तर आपण नाक मुरडू नये.

राहता राहिला भाषेचा प्रश्न. इंग्रजीखेरीज राज्याच्या राजभाषेत काम चालवावे, असे कायदा म्हणतो. म्हणजे येथे कन्नडात. यात आपण मराठी मंडळींनी खंत करण्यासारखे काही नाही. घरी मराठी बोलणाऱ्या बेंद्र्यांनी याच धारवाडात कन्नड कविता शिखराला नेली, आणि कन्नड घरांतल्या मल्लिकार्जुन मन्सूरांना नि गंगूबाईंना आपण आपलेच मानले. शेतकऱ्याला आपला निकाल आपल्या भाषेत ऐकू येतो, हीच मोठी गोष्ट. मात्र ज्याला कन्नड उमजत नाही, मग तो मराठी असो वा लमाणी, त्याला समजावून सांगणारा माणूस तेथे असलाच पाहिजे.

तेव्हा आपल्या आमदारांना विचारावयाचे ते एवढेच : आमच्या तालुक्यांत ग्रामन्यायालय केव्हा, आणि त्याचा न्यायाधिकारी कोणाच्या शब्दाने येणार व कोणाच्या शब्दाने जाणार? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक मिळाल्याशिवाय पहिल्याच्या उत्तरावर टाळी वाजवू नये.