‘नेपाळी नट’ म्हणजे कोण?

काही शब्द शिवीसारखे दिसत नाहीत, आणि म्हणूनच ते शिवीपेक्षा अधिक काळ टिकतात. शिवी दिली तर ऐकणारा निदान जाब विचारतो. पण हे शब्द सभ्य गृहस्थाच्या तोंडून, सुपारी चघळता चघळता, सहज बाहेर पडतात आणि ऐकणाराही मान डोलावतो. ‘नेपाळी नट’ हा असाच एक शब्दप्रयोग आहे. डॅनी डेन्झोंग्पा यांच्याविषयी आपल्या परप्रांतस्थ मराठी मंडळींत बोलणे निघाले, की हे दोन शब्द प्रथम येतात आणि बहुधा तेथेच बोलणे संपते. पन्नास वर्षांच्या अभिनयाचा हिशेब जणू दोन शब्दांत चुकता झाला! या दोन शब्दांविरुद्ध आम्हांला आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

जबलपुरात सरकारी चाकरीनिमित्त येऊन पडलेल्या मराठी माणसाचे सायंकाळचे पाय बड्या फुहाऱ्याकडे वळतात, हे येथे राहून गेलेल्या वाचकांस सांगावयास नको. तोफांच्या कारखान्यातले, तारखात्यातले, रेल्वेतले, हिशेबखात्यातले असे आपले लोक कमानिया गेटच्या आसपास, म्हणजे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभ्या असलेल्या कमानीपाशी, खव्याच्या जिलबीच्या निमित्ताने एकत्र येतात. तेथे बदल्यांच्या गोष्टी निघतात, महागाईभत्त्याच्या निघतात आणि सिनेमाच्याही निघतात. सिनेमाची गोष्ट निघाली, की एक तक्रार हटकून ऐकू येते: हिंदी चित्रपटात मराठी बाई दिसली तर ती भांडी घासणारी, आणि मराठी पुरुष दिसला तर तो पोट सुटलेला हवालदार! तक्रार अगदी रास्त आहे. पण तीच जीभ दुसऱ्याच क्षणी म्हणते, “तो डॅनी ना? नेपाळी नट. त्याचा चेहराच मुळी खलनायकाचा.” आणि सराफ्याच्या बाजूने शिटी वाजवीत जाणाऱ्या पहारेकऱ्याला तिसऱ्या क्षणी हाक जाते, “ए बहादूर!” त्याचे नाव काय, हे वर्षानुवर्षे कोणी विचारलेले नसते.

आम्ही विचारतो, हा न्याय कोणता? आपल्याला एका साच्यात घातले तर तो अपमान, आणि आपण दुसऱ्याला साच्यात घातले तर ती करमणूक?

आधी वस्तुस्थिती पाहू. डॅनी डेन्झोंग्पा हे नेपाळचे नव्हेत. त्यांचा जन्म १९४८ साली सिक्कीममधील युक्सोम येथे एका भुतिया कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव शेरिंग फिन्त्सो डेन्झोंग्पा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून ते बाहेर पडले त्या सुमारास सिक्कीम भारताचे घटकराज्यही नव्हते; ते झाले १९७५ साली. सिक्कीममध्ये व दार्जिलिंगमध्ये घराघरांत नेपाळी भाषा बोलली जाते, त्यांनी नेपाळी चित्रपटांतून कामे केली, नेपाळी गीते गायिली, हे सर्व खरे. परंतु तेवढ्यावरून त्यांस नेपाळी ठरवावयाचे असेल, तर जन्मभर हिंदी बोलून घर चालविणारा जबलपूरचा प्रत्येक मराठी कारकून उत्तरप्रदेशी ठरेल. तो आपल्याला चालेल काय?

नावाचीच गोष्ट घ्या. ‘शेरिंग फिन्त्सो’ हे उच्चारावयास जड, म्हणून सहाध्यायी जया भादुरी यांनी ‘डॅनी’ हे सुटसुटीत नाव सुचविले, असे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मैत्रीत ठेवलेल्या नावाबद्दल कोणी रागावू नये. परंतु पुढे एवढ्या मोठ्या चित्रसृष्टीला त्यांचे खरे नाव कधीच नको झाले, ही गोष्ट मैत्रीची नव्हे, आळसाची आहे. आपल्यापैकी कितीकांच्या हजेरीपटावर ‘काळे’चे ‘काले’ आणि ‘वाळिंबे’चे ‘वालिंबे’ झाले आहे! त्या एका ‘ळ’साठी अर्ज करणारे, दुरुस्तीसाठी हेलपाटे घालणारे लोक आपल्यातच आहेत. नावातला एक वर्ण गेला तर मनाला काय लागते, हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांनी तरी दुसऱ्याचे अख्खे नाव गेल्याचे विनोद करू नयेत.

आता त्यांच्या कारकीर्दीकडे वळू. कारण आमचा मुद्दा सहानुभूतीचा नसून हिशेबाचा आहे. १९७१ साली गुलजार यांच्या ‘मेरे अपने’मध्ये ते दिसले. १९७३ साली बी. आर. चोप्रा यांच्या ‘धुंद’मध्ये चाकांच्या खुर्चीला खिळलेला, पत्नीचा छळ करणारा जमीनदार त्यांनी उभा केला. त्या भूमिकेत त्यांचा चेहरा कोठला, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. खुर्चीत बसून, केवळ डोळ्यांनी व आवाजाने पडदा व्यापणारा नट लोकांनी पाहिला आणि ते भ्याले. म्हणजे अभिनय पुरेसा समर्थ असला, की प्रेक्षक नाकडोळ्यांची ठेवण विसरतो, हे सुरुवातीलाच सिद्ध झाले होते. ते विसरले नाहीत ते निर्माते. ‘शोले’तील गब्बरसिंग प्रथम त्यांच्याकडे आला होता, पण अफगाणिस्तानात ‘धर्मात्मा’चे चित्रण ठरलेले असल्यामुळे त्यांनी दिलेला शब्द पाळला आणि भूमिका अमजदखान यांच्याकडे गेली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. ती हळहळून सांगणारे बरेच भेटतात. शब्द पाळल्याबद्दल आदराने बोलणारे मात्र विरळा.

यापुढची गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. फिल्मफेअरची सहायक अभिनेत्याची दोन पारितोषिके त्यांस मिळाली, ती ‘सनम बेवफा’ (१९९१) आणि ‘खुदा गवाह’ (१९९२) यांसाठी. दोन्हींत ते पठाण आहेत. ‘धर्मात्मा’तही अफगाणच होते. हिमालयाच्या कुशीतल्या या माणसाला शौर्य, मैत्री, इमान हे गुण पडद्यावर दाखवावयाचे असले, की त्याने पगडी बांधून खैबरपलीकडचे व्हावयाचे! आणि जेव्हा त्याला त्याच्या मुलखाकडचे नाव देण्यात आले, तेव्हा ते कोणते? १९९० च्या ‘अग्निपथ’मधील ‘कांचा चीना’. नेपाळीत ‘कान्छा’ म्हणजे घरातला सर्वांत धाकटा मुलगा; आपण ‘बाळ’ म्हणतो तितक्याच मायेचा शब्द. त्या शब्दापुढे ‘चीना’ जोडून त्याचा खलपुरुष करण्यात आला. आणि त्याच्यासमोर नायक कोण, तर कोकणकिनाऱ्यावरील मांडव्याचा विजय दीनानाथ चव्हाण! मराठी नावाचा नायक पाहून आपण टाळ्या पिटल्या. समोरच्याच्या नावाचे काय झाले, हे पाहावयाचे आपणांस सुचले नाही. पुढे २०१२ साली तोच चित्रपट पुन्हा निघाला, तेव्हा ‘कांचा’ झाले संजय दत्त. नट बदलला, नाव तसेच राहिले. कारण एव्हाना ते नाव दुष्टपणाची खूण बनून गेले होते.

येथे कोणी म्हणेल, खलनायकी ही का कमी प्रतीची कला आहे? आपल्या निळूभाऊ फुले यांनी जन्मभर तेच नाही का केले? उत्तर असे की, त्यांनी तेवढेच केले नाही, किंबहुना त्यांस तेवढेच करू दिले गेले नाही. ‘सामना’ (१९७५) मधील साखरसम्राट हिंदुराव पाटील रंगविणाऱ्या निळूभाऊंना जब्बार पटेल यांनीच ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये दिगू टिपणीस हा पत्रकार दिला, आणि त्या पत्रकाराच्या वेडाने शेवटी सारा महाराष्ट्र सुन्न झाला. स्वभाषेच्या चित्रपटाचा हा फार मोठा आधार असतो. तो नटाला गावगुंड करतो, तसा माणूसही करतो. डॅनींना हा आधार फार थोडा मिळाला. ‘साइनो’ (१९८७) या नेपाळी चित्रपटात त्यांनी काम केले. त्याचे संगीत रणजित गजमेर यांचे होते. हे गजमेर म्हणजे दार्जिलिंगचे मादलवादक, राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील ‘कांछाभाई’. आशाबाईंच्या आवाजामागे वाजलेल्या ज्या मादलावर आपण ठेका धरला, त्या वादकाचे नाव तरी आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक आहे?

दुसरा आक्षेप पैशाचा. “त्यांना पैसा मिळाला, कीर्ती मिळाली, २००३ साली पद्मश्री मिळाली, मग अन्याय कोठे झाला?” हा आक्षेप सरकारी नोकराच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही. वेतनश्रेणी मिळाली म्हणजे योग्य काम मिळाले असे आपण स्वतःबद्दल मानतो काय? पात्रता असताना आयुष्यभर एकाच टेबलाशी बसविलेल्या माणसाला पगार वेळेवर मिळतो, म्हणून त्याची खंत खोटी ठरत नाही. २०२२ साली आलेल्या ‘ऊंचाई’त डॅनी हे भूपेन नावाचे जिवलग मित्र झाले आहेत, हिमालयाची ओढ असलेला, प्रेमळ, सज्जन माणूस. हे घडावयास पन्नास वर्षे लागली, आणि त्यातही भूपेन आरंभीच निवर्ततो. पुढचा पर्वत चढतात ते त्याच्या अस्थी घेऊन निघालेले मित्र.

आणि ज्या भाषेला आपण ‘बहादूरची भाषा’ म्हणून हसतो, तिचे व आपले नाते किती जवळचे आहे! दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढून या देशात चित्रपट सुरू केला. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ चा आपला पहिला बोलपटही हरिश्चंद्राचाच. आणि नेपाळी भाषेतील पहिला चित्रपट कोणता? १९५१ साली कलकत्त्यात निघालेला ‘सत्य हरिश्चंद्र’! दोन भाषांनी पडद्यावर प्रथम उच्चारलेले नाव एकच आहे. १९६६ च्या ‘मैतीघर’ या नेपाळी चित्रपटाच्या नायिका माला सिन्हा, संगीत जयदेवांचे, आणि गाणाऱ्यांत आपल्या मंगेशकर भगिनी. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत १९९२ साली कोंकणी व मणिपुरी यांच्या मांडीला मांडी लावून नेपाळी बसली. ती या देशाची राष्ट्रमान्य भाषा आहे, कोणा परक्याची बोली नव्हे. शिवाय डॅनी ज्या पुण्याच्या संस्थेत अभिनय शिकले, ती उभी आहे प्रभातच्या जुन्या आवारात. या नटाची मुंज, म्हणाल तर, आपल्याच अंगणात लागली आहे. त्याला परका म्हणण्याचा अधिकार सर्वांत कमी कोणाला असेल, तर तो मराठी माणसाला.

आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच. आपण परमुलखात राहतो. १८१७ पर्यंत येथे भोसल्यांचा अंमल होता हे आपण अभिमानाने सांगतो, पण आज येथे आपण अल्पसंख्य आहोत. अल्पसंख्य माणसाला न्याय मागावयाचा असेल तर तो सर्वांसाठी मागावा लागतो. फक्त आपल्यापुरता मागितलेला न्याय ही केवळ सवलतीची याचना ठरते. गणेशोत्सवात आपली मंडळे दरसाल चित्रपट दाखवितात. एखाद्या वर्षी नेपाळी चित्रपट दाखवा, आणि शहरातील नेपाळीभाषकांना सन्मानाने पुढच्या खुर्च्यांवर बसवा. मराठी समीक्षकांनी डॅनींच्या भूमिकांवर निळूभाऊंइतक्याच गांभीर्याने लिहावे. मराठी निर्मात्यांनी इमारतीच्या फाटकावरचा तोतरे मराठी बोलणारा विनोदी पहारेकरी आता सेवानिवृत्त करावा. आणि बड्या फुहाऱ्यावर पहारा देणाऱ्या माणसाला त्याचे नाव विचारावे. विचारावयास पैसा पडत नाही, आणि ऐकून ते नीट उच्चारावयास केवळ दोन दिवसांचा सराव पुरतो.

ज्यांना हिंदीकडून ‘ळ’ हवा आहे, त्यांनी ‘शेरिंग फिन्त्सो डेन्झोंग्पा’ हे नाव आधी स्वतः म्हणून पाहावे.