पहिल्या गिअरची उपेक्षा

मोटारीचे चित्र पुढे ठेवले की आमच्या शाळेतील मुले बहुधा एकच प्रश्न विचारतात : ही ताशी किती किलोमीटर धावते? ती थांबलेल्या जागेवरून निघते कशी, असे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो न विचारण्याची खोड केवळ मुलांनाच असते असेही नाही. मोटारी बनविणाऱ्या नामांकित कारखान्यांसही ती होती. इंग्लंडातील एका प्रसिद्ध स्पोर्ट्स मोटारीच्या गिअरांत अठरा वर्षांच्या काळात जे फेरफार होत गेले, त्यांवरून ही गोष्ट स्पष्ट दिसते. त्या हकिकतीत आम्हां शिक्षकांनी व पालकांनी घेण्याजोगा काही बोध आहे असे मला वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मोटार म्हणजे एम.जी.बी. ऑक्सफर्डजवळील अ‍ॅबिंग्डन ह्या गावच्या कारखान्यात ती १९६२ साली तयार होऊ लागली आणि १९८० च्या ऑक्टोबरात तिचे उत्पादन बंद झाले. एवढ्या अवधीत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. ही काही राजेरजवाड्यांची गाडी नव्हे. चार सिलिंडरांचे, १,७९८ घनसेंटिमीटरांचे साधेच इंजिन असलेली, दोन माणसांची, उघड्या टपाची ही गाडी मध्यम स्थितीच्या हौशी माणसाच्या आवाक्यातली होती. १९६५ साली तिचा बंद टपाचा प्रकार निघाला आणि १९७४ साली पुढेमागे काळ्या रबराचे बंपर आले. एरवी तिचे बाह्य रूप शेवटपर्यंत फारसे पालटले नाही. जे पालटले ते बरेचसे आत, डोळ्यांआड.

प्रथम गिअर म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. इंजिन फार सावकाश फिरू लागले तर बंद पडते. ओढ देण्यासाठी त्यास बऱ्याच वेगाने फिरावे लागते. उलट, थांबलेल्या गाडीचे चाक आरंभी हळूहळूच फिरणार. ह्या दोहोंचा मेळ घालणे हे दंतचक्रांच्या पेटीचे, म्हणजे गिअरबॉक्सचे काम. लहान चक्राने मोठे चक्र फिरविले तर वेग घटतो आणि ओढ वाढते. गिअर नवी शक्ती निर्माण करीत नाही. असलेली शक्ती वेग व ओढ ह्यांत कशी वाटावी एवढेच तो ठरवितो. गिअरची सायकल घेऊन चढ चढणाऱ्या मुलाच्या पायांना हे आधीच समजलेले असते.

१९६२ च्या एम.जी.बी.स पुढे जाण्याचे चार गिअर होते. त्यांची प्रमाणे अनुक्रमे ३.६४, २.२१, १.३७ आणि १ अशी होती. मागच्या आसावर अकरा दात्यांचे चक्र त्रेचाळीस दात्यांच्या चक्रास फिरवीत असे. म्हणजे तेथील प्रमाण ३.९०९. ह्या दोन आकड्यांचा गुणाकार केला असता असे दिसते की, पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे सुमारे सव्वाचौदा फेरे होत, आणि चौथ्यात चारांहूनही किंचित कमी. विद्यार्थ्यांनी हा गुणाकार स्वतः करून पाहावा. गाडी चढावर थांबली असेल, आत दोन माणसे व त्यांचे सामान असेल, तर सारा भार ह्या पहिल्या गिअरलाच उचलावा लागे.

आता गिअर बदलताना निरनिराळ्या वेगांनी फिरणारी चक्रे एकमेकांत गुंतवावी लागतात. वेग जुळले नाहीत तर दात दातांवर घासतात व कर्कश आवाज होतो. हे टाळण्यासाठी सिंक्रोमेश नावाची योजना आहे. दात गुंतण्यापूर्वी शंकूच्या आकाराचे दोन भाग एकमेकांवर किंचित घासतात, त्या घर्षणाने दोहोंचा वेग सारखा होतो, आणि मग दात मुकाट्याने एकमेकांत बसतात. अमेरिकेतील कॅडिलॅक मोटारीत ही योजना १९२८ सालीच आली होती. एम.जी.बी.तही ती होती. परंतु दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या गिअरलाच. पहिल्याला नव्हती. थांबलेल्या गाडीतच पहिला गिअर टाकावयाचा, मग त्यास ही मदत हवी कशाला, असा त्या काळच्या अनेक कारखान्यांचा हिशेब असे.

हिशेब कागदावर ठीक होता, रस्त्यावर नव्हता. चौकात गाडी अगदी मंद झाली आहे पण थांबलेली नाही, अथवा चढाच्या वळणावर दुसऱ्या गिअरने दम सोडला आहे, अशा वेळी चालत्या गाडीतच पहिला गिअर टाकावा लागतो. मग क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, क्लच सोडून इंजिनास नेमका हवा तेवढाच वेग द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबावयाचा, आणि मग गिअर टाकावयाचा. आमच्याकडील जुने ड्रायव्हर ह्यास ‘डबल क्लच’ म्हणतात. सरावलेल्या माणसास हे सहज साधते. नवशिक्याच्या वाट्यास मात्र दातांची खरखर आणि शेजारी बसलेल्याचे हसू येते.

पुढे काय झाले ते लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. १९६३ साली कारखान्याने ह्या गाडीत जादा पैसे घेऊन ओव्हरड्राइव्ह देऊ केला. ही गिअरबॉक्सच्या मागे जोडलेली एक लहानशी दंतचक्रांची रचना असते. मध्ये सूर्यासारखे एक चक्र, त्याभोवती ग्रहांसारखी फिरणारी लहान चक्रे, आणि सर्वांना वेढणारे बाहेरचे कडे. विजेची कळ दाबताच तेलाच्या दाबाने ती कामास लागे, आणि इंजिनाच्या फेऱ्यांचे प्रमाण ०.८०२ वर येई. ती तिसऱ्या व चौथ्या गिअरमध्ये चाले. ताशी शंभर किलोमीटर वेगाने चौथ्या गिअरमध्ये जाताना इंजिन मिनिटास सुमारे ३,४७० फेरे करी. ओव्हरड्राइव्ह लावताच त्याच वेगास सुमारे २,७८० फेरे पुरत. इंजिन शांत होई, पेट्रोल वाचे, लांबचा प्रवास सुखाचा होई. योजना उत्तम होती ह्यात शंका नाही.

परंतु क्रम पाहा. जी गाडी आधीच सपाट रस्त्यावर भरधाव धावत आहे, तिचे धावणे अधिक सुखाचे करणारी सोय १९६३ साली मिळाली. जी गाडी भार घेऊन जेमतेम हलत आहे, तिला हात देणारी सोय मिळावयास १९६७ साल उजाडावे लागले. जेथे ओझे सर्वांत अधिक तेथे मदत सर्वांत शेवटी पोहोचली. ह्यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे मी म्हणत नाही. धावणारी गाडी सर्वांना दिसते, तिची जाहिरात करता येते. निघताना अडखळणाऱ्या गाडीकडे कोणी पाहत नाही, एवढेच त्याचे कारण असावे.

१९६७ च्या अखेरीस कारखान्याने ही उणीव दूर केली, हे त्यास भूषणावह आहे. चारही गिअरांना सिंक्रोमेश असलेली नवी पेटी आली. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.६४ चे ३.४४ झाले. नवी पेटी आकाराने मोठी, म्हणून गाडीच्या तळाचा मधला उंचवटा रुंद करावा लागला. ह्याच वेळी आपोआप गिअर बदलणारी तीन गिअरांची पेटीही ज्यांस हवी त्यांस देण्यात येऊ लागली. तिला मागणी थोडीच राहिली आणि १९७३ साली ती बंद झाली. पहिल्या गिअरची सुधारणा मात्र कायमची टिकली. आरंभीच्या गिअरला मदत द्यावयाची तर वरवरची डागडुजी पुरत नाही. पेटी नवी करावी लागते, प्रसंगी गाडीचा तळही बदलावा लागतो.

ह्यावर जुन्या गाड्यांचे भक्त एक आक्षेप घेतात, आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. ते म्हणतात, पहिल्या गिअरच्या त्या अडचणीनेच माणूस खरा चालक होत असे. सोय आली आणि कसब गेले. कित्येक वर्षे माझेही हेच मत होते. मी एका स्नेह्याच्या जुनाट गाडीवर मोटार चालविण्यास शिकलो. तिच्या पहिल्या गिअरने माझी पुष्कळ फजिती केली, आणि ती फजिती मी पुढे वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असे. आम्ही किती सोसले, तुम्हांस सारे आयते मिळते, हे तात्पर्य ठरलेले. एकदा एका विद्यार्थिनीने शांतपणे विचारले, “सर, त्या खरखरीने तुम्ही शिकलात, की ती होत असतानाही शिकलात?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज सुचते ते असे की, मला शिकविले ते शेजारी बसलेल्या स्नेह्याच्या धीराने. खरखरीने झिजले ते फक्त चक्रांचे दात.

शिवाय ज्यास कसब दाखवावयाचे आहे त्यास नव्या पेटीनेही मनाई केलेली नाही. सिंक्रोमेश असतानाही डबल क्लच मारता येतो. उलट त्याने सिंक्रोमेशची झीज कमीच होते. म्हणजे सोयीने कसब नाहीसे केले नाही, ते ऐच्छिक केले, आणि नवशिक्याचे लक्ष गिअरच्या दांड्यावरून काढून रस्त्यावर, तेथील माणसांवर व मुलांवर ठेवण्यास मोकळे केले. हा लाभ लहान नव्हे.

अर्थात पुढची प्रत्येक सुधारणा निर्भेळ लाभाचीच होती असेही नाही. १९७५ साली ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या एम.जी.बी.त ओव्हरड्राइव्ह सरसकट, निराळे पैसे न घेता, मिळू लागला; परंतु १९७७ च्या सुमारास तो केवळ चौथ्या गिअरपुरताच ठेवण्यात आला आणि त्याची कळ गिअरच्या दांड्याच्या मुठीवर गेली. पूर्वी चार गिअर व दोन ओव्हरड्राइव्ह मिळून सहा पायऱ्या होत. आता पाचच राहिल्या. हौशी चालकांस ह्याची हळहळ वाटली असल्यास नवल नाही. पण गणित करून पाहा : नंतरच्या ओव्हरड्राइव्हचे प्रमाण ०.८२, तिसऱ्या गिअरचे १.३८, गुणाकार १.१३. चौथा गिअर १ चा. दोन पायऱ्यांतील अंतर फारसे नव्हते. अशी पायरी गेल्याचे दुःख पहिल्या पायरीच्या उपेक्षेइतके मोठे मानता येत नाही.

आणखी एक उदाहरण देऊन हा इतिहास संपवितो. १९७३ ते १९७६ ह्या काळात ह्याच बंद गाडीत आठ सिलिंडरांचे ३,५२८ घनसेंटिमीटरांचे इंजिन बसवून एक प्रकार काढण्यात आला. त्या इंजिनाची ओढ मोठी. म्हणून मागच्या आसाचे प्रमाण ३.९०९ वरून ३.०७ करण्यात आले. दर मिनिटास इंजिनाच्या हजार फेऱ्यांमागे जुनी गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी सुमारे २९ किलोमीटर जाई, ही सुमारे ३८ जाई. बाहेरून दोन्ही गाड्या बहुतांशी सारख्याच; पण एकीचे प्रमाण दुसरीस लावले असते तर दोघींचेही नुकसान झाले असते. आपल्या मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करणाऱ्या पालकांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

आता आपल्या शाळांकडे पाहू. बहुतेक ठिकाणी सर्वांत अनुभवी शिक्षक दहावीस दिले जातात. ज्या मुलांस नव्वद गुण मिळणारच, त्यांचे पंचाण्णव व्हावेत म्हणून जादा तास, सराव परीक्षा, शिकवण्या, सारे काही असते. हा आमचा ओव्हरड्राइव्ह. तो नसावा असे मी म्हणत नाही. पण प्राथमिक शाळेतून नुकताच हायस्कुलात आलेला, अपूर्णांकापाशी अडखळणारा, नव्या इमारतीत बावरलेला पाचवीचा मुलगा आपल्या पहिल्या गिअरमध्ये सारा भार उचलीत असतो. त्याच्या वाट्यास मोठा वर्ग, नवखा शिक्षक आणि “एवढेही येत नाही?” हा प्रश्न येतो. दातांची ती खरखर आपण ऐकतो आणि मुलगाच मंद आहे असा निवाडा करतो.

माझे म्हणणे एवढेच की, मदतीचा क्रम उलटा झाला पाहिजे. उत्तम शिक्षक प्रथम खालच्या वर्गास मिळावा. घरीही वडील माणसांचा वेळ परीक्षेच्या वर्षापेक्षा आरंभीच्या वर्षी अधिक मिळावा. हे दुसऱ्यांस सांगून आपण मोकळे होणे बरे नव्हे, म्हणून येत्या वर्षी पाचवीचा गणिताचा वर्ग मी मागून घेतला आहे. दहावीच्या माझ्या विद्यार्थ्यांनी ह्याबद्दल रुष्ट होऊ नये. तुम्ही आता चौथ्या गिअरमध्ये आहात. रस्ता दिसतो आहे. खाली चढावर काही गाड्या अजून निघावयाच्या आहेत.