आपल्यापुरता आवाज

आमच्याच उज्जयिनीतील एका भगिनींनी या सदरासाठी एक प्रश्न पाठविला आहे. मामंजी निवृत्त झालेले; पहाटे उठण्याची सवय, आणि उठल्यावर जुन्या ध्वनिमुद्रणांतील गाणे ऐकण्याची सवय त्याहून जुनी. पूर्वी वाड्यात राहत असताना ओसरीवर रेडिओ लागे आणि ज्याला ऐकावयाचे तो ऐके. आता तीन खोल्यांची सदनिका. एका खोलीत नातीची बारावीची परीक्षा, दुसरीत रात्रपाळीहून परतून झोपलेला मुलगा. मामंजी कोणास काही बोलले नाहीत. त्यांनी गाणे ऐकणेच सोडून दिले. त्यांच्यासाठी चांगले हेडफोन घ्यावयाचे आहेत, खर्च दहा-बारा हजारांच्या फार पुढे जाऊ नये. काय पाहून घ्यावे, असे त्या विचारतात.

प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो, परंतु तेवढाच तो नाही. एका माणसाचे गाणे घरातून निघून गेले आहे, आणि कोणाची झोप न मोडता ते परत आणावयाचे आहे. म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

पूर्ण कान झाकणाऱ्या हेडफोनांचे मुख्य प्रकार दोन. एकाच्या वाट्यांना पाठीमागून जाळी असते, दुसऱ्याच्या वाट्या पाठीमागून बंद असतात. जाळीच्या प्रकारात आवाज मोकळा, समोर बैठक भरल्यासारखा वाटतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ साली असा हेडफोन प्रथम बाजारात आणला, तेव्हापासून अनेक रसिकांची पसंती त्यालाच आहे. परंतु जाळीतून आतले गाणे बाहेर जाते आणि बाहेरचा गलबला आत येतो. निवांत स्वतंत्र खोली असणाऱ्याने तो खुशाल घ्यावा. जेथे हाताच्या अंतरावर कोणी निजलेले किंवा अभ्यासाला बसलेले आहे, तेथे बंद वाट्यांचाच घ्यावा.

बंद वाट्यांचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. महाकाल मंदिराच्या परिसराचा विस्तार २०२२ साली खुला झाला, आणि गावात भाविकांची वर्दळ फार वाढली. भस्मारतीसाठी निघालेल्यांची वाहने तर पहाटेपूर्वीच सुरू होतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. ती कितपत पाळली जाते हे वाचक जाणतातच. बाहेर गोंगाट वाढला की माणूस नकळत आतला आवाज वाढवितो, आणि हानी होते ती तेथेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यातून ४० तासांपर्यंत ऐकावा. तोच ९० वर नेला तर अवघे ४ तास. मुलांसाठी मर्यादा आणखी खाली, ७५ डेसिबलची आहे. अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. चांगल्या बंद वाट्या बाहेरचा आवाज अडवितात, म्हणून आतला आवाज कमी ठेवूनही गाणे पुरते. मात्र रस्त्यावरची खोल घरघर कोणत्याही वाटीने पूर्ण थांबत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

यावरून निवडीची पहिली कसोटी ठरते, ती म्हणजे हेडफोन कानाभोवती नीट बसतो की नाही. गादी आणि कानशील यांच्यात फट राहिली तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि गाण्यातील खर्जाचा स्वर बाहेर निसटतो. मामंजी चष्मा वापरत असतील तर ही फट हमखास पडते, म्हणून काड्या बारीक असाव्यात आणि गाद्या मऊ. दुकानात दोन मिनिटे घालून भागत नाही. निदान वीस मिनिटे डोक्यावर ठेवावा. तेवढ्यात कान तापले किंवा कानशील दुखू लागले, तर ध्वनी कितीही सुरेख असो, तो हेडफोन महिन्याभरात कपाटात जाईल.

दुसरी कसोटी ध्वनीची. मेघदूतातील यक्ष मेघाला महाकालाच्या सायंपूजेच्या वेळी गर्जना करून नगाऱ्याचे काम करावयास सांगतो. हल्लीच्या बहुतेक जाहिराती तो मेघ थेट कानात बसवून देण्याचे वचन देतात. बंद वाटीत हवा कोंडलेली असल्यामुळे खर्ज फुगविणे सोपे असते, पण फुगलेल्या खर्जाखाली गायकाचा स्वर गुदमरतो. म्हणून दुकानात जाताना आपल्या पूर्ण ओळखीचे एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. १९४८ साली शेजारच्या देवासला येऊन स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांचे तंबोरे किती काटेकोर लागत, हे माळव्यातील श्रोत्यांना सांगावयास नको. त्यांची एखादी विलंबित रचना आवाज कमी ठेवून लावावी. जवारीचा झंकार सलग ऐकू येतो का? डग्ग्यावरची मींड स्पष्ट वळते, की नुसता घुमारा होतो? तार सप्तकातील स्वर टोचतो का? हळू आवाजात या तीन गोष्टी जमल्या, तर हेडफोन उत्तम समजावा.

आता नावे. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ध्वनिमुद्रण-कक्षांत वापरला जातो. वजनाला हलका, आवाज अत्यंत स्पष्ट, मात्र तार गुंडाळीची आणि न निघणारी. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम४०एक्स आणि एम५०एक्स यांच्या तारा बदलता येतात. दोहोंत पहिला स्वस्त आणि खर्जाला अधिक संयमी. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो १९८५ पासूनचा. गाद्या मखमली, आणि बहुतेक भाग सुटे मिळणारे. चष्मा वापरणाऱ्यांना तो बहुधा सर्वांत सुखाचा ठरतो. मात्र तो ३२, ८० आणि २५० ओहम अशा निरनिराळ्या रूपांत मिळतो. साध्या मोबाइलवर ऐकावयाचे असेल तर २५० चा घेऊ नये. त्याला हलविण्याएवढी ताकद मोबाइलात नसते. किमती वरखाली होतात, परंतु हे सारे साधारण आठ ते पंधरा हजारांच्या आसपासचे आहेत. नकली मालही पुष्कळ असल्याने पावती आणि हमीपत्र देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा.

बिनतारी का घेऊ नये, असे कोणी विचारील. घरात हिंडत-फिरत ऐकणाऱ्याला तो सोयीचा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच किमतीत पैशाचा मोठा वाटा विद्युतघट आणि इतर यंत्रणेवर जातो, आणि घट काही वर्षांत थकतो. एका जागी बसून ऐकणाऱ्यास तारेचाच टिकाऊ. नव्या मोबाइलात तार जोडण्याची जागा बहुधा नसते. त्यासाठी टाइप-सीची छोटी जोडणी मिळते, ती त्याच वेळी घ्यावी. गाद्या काही वर्षांनी झिजतात, तेव्हा गाद्याच बदलाव्यात, हेडफोन नव्हे.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य करावी. मामंजींची श्रवणतपासणी करून घ्यावी. वयानुसार उंच स्वर आधी मंदावतात, आणि माणूस म्हणतो की हल्लीचे आवाजच अस्पष्ट झाले. तसे असेल तर वाढविलेला आवाज हा उपाय नव्हे. वैद्यकीय सल्ला घ्यावा. नातीच्या कानालाही हाच हेडफोन लागणार हे गृहीत धरून मोबाइलवरील आवाजाची कमाल मर्यादा त्याच दिवशी बांधून टाकावी.

आणि भगिनींना शेवटची विनंती. हेडफोनने घराची शांतता राखली जाईल, पण आजोबा काय ऐकतात हे नातीला कधी कळणार नाही. तेव्हा परीक्षा संपली की रविवारी सकाळी तासभर तरी हेडफोन बाजूला ठेवावा आणि मामंजींचे गाणे साऱ्या घराला ऐकू द्यावे.